तोंडातली काडी

"बटन लावायला काय डॉक्टरकी लागते?" सर्जेराव सरांनी सकाळीच घरात डरकाळी फोडली. "आज साहेबांसमोर अस्सा तास घेतो, की बघतच राहतील!"

वंदनाबाईंनी डबा भरता भरता एवढंच विचारलं, "आजवर एक तरी लावलं का हो? बावीस वर्षं तर मीच लावून राह्यले."

"शिकवणाऱ्याला यायलाच पाहिजे, असं थोडंच हाय!" म्हणत सर वाटूरच्या शाळेकडे निघाले.

पण प्रसंग बाका होता. पोरांना पंक्चर काढता यावं, बटन लावता यावं, म्हणून दर सोमवारी जीवनकौशल्यांचा एक तास सरांनी हेडमास्तरांशी वर्षभर भांडून मिळवला होता. हेडमास्तरांना तो तास गणिताला हवा होता. आज केंद्रप्रमुख साहेब तास बघून काय तो निकाल देणार होते.

तास सुरू झाला, सरांनी जोशात हात उगारला आणि त्यांच्याच शर्टाचं पोटावरचं बटन टुणकन उडालं! "बघा पोरांनो, आयताच धडा मिळाला!" सरांनी सुई ओवली आणि टेबलाला पोट टेकवून अंगावरच्याच शर्टाला टाका घातला.

खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई दारातूनच ओरडल्या, "अव सर, अंगावरचं शिवू न्हाई! शिवायचंच तर तोंडात काडी धरा. अन् काडी हाय तवर बिलकुल बोलू नका!" खराट्याची काडी मोडून त्यांनी सरांच्या दातांत दिलीसुद्धा! अख्ख्या वर्गासमोर रीत मोडायची सरांची छाती झाली नाही.

तेवढ्यात साहेब आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. "बोला सर, आज कोणतं कौशल्य?"

"ऊं! ऊं!" सरांनी शर्टाकडे बोट दाखवलं.

"पोटात कळ आली का?"

"ऊंहूं!" सरांनी काडीकडे बोट दाखवलं.

"मंग दाढ! अरे, जल्दी लवंग आणा कोणीतरी!"

आता नमस्कार तरी करावा, म्हणून सर ताडकन उठले. त्यांच्याबरोबर टेबलावरचं कापडही उठलं! शर्टासोबत सरांनी तेही इमानदारीनं शिवून टाकलं होतं. पाण्याचा तांब्या साहेबांच्या मांडीवर, पृथ्वीचा गोल दाराबाहेर, आणि चतुराबाई पृथ्वीच्या मागे!

वर्ग हसून लोळला. सर कापड लोंबकळवत उभे. संपलं! पुढच्या सोमवारपासून गणित!

तेव्हा सहावीतली अक्षता उठली. "सर, हलू नका." तिनं कात्रीनं टाके उसवले, कापड सोडवलं, बटनाच्या चारही भोकांतून दोरा घेतला, खाली तीन वेढे दिले आणि गाठ मारली. बटन असं बसलं, की बैलानं ओढलं तरी निघायचं नाही.

"कोणी शिकवलं गं?" साहेबांनी ओली पँट झटकत विचारलं.

"सरांनीच. मागच्या सोमवारी फळ्यावर चित्र काढून दावलं व्हतं. मंग मी घरी समद्यांची बटनं लावली. आज्याच्या सदऱ्यालाबी."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी काडी काढली. "पोरी, लई उपकार केलेस! अन् घरी बावीस वर्षं कोणाचे उपकार घेऊन राह्यलो, तेबी आज कळलं."

साहेबांनी शेरेपुस्तकात काहीतरी लिहिलं. सरांनी वाकून वाचलं, 'मुलांची तयारी उत्तम. तास चालू ठेवावा.'

सरांनी आनंदानं हात जोडले. मग त्यांना खालची ओळ दिसली.

'पुढील सोमवारपासून सर्जेराव सरांनीही पहिल्या बाकावर बसावे.'