येतो मग

सन दोन हजार बावीस, वैशाख. मुलगी आधी व्हिडिओ कॉलवर बघायची, पसंत पडली तरच गाडीचं डिझेल जाळायचं, अशी रीत नुकती पडली होती. बेंबळीच्या उत्तरेश्वरांनी आपल्या कुलदीपसाठी परंड्याची अर्पिता अशीच बघितली. सगळ्यांना आवडली. कुलदीप तर बोलायचाच थांबला.

साधा फोन असता तर उत्तरेश्वर 'ठेवतो' म्हणाले असते. पण समोर माणसाचं तोंड दिसत होतं. जन्माच्या सवयीने ते उठले, टोपी सारखी केली, हात जोडले.

"बरंय पाव्हणं, येतो मग."

"कवा?" अर्पिताचे वडील अमरसिंह गडबडले.

"हे काय, आताच येतो की!"

कॉल बंद झाला आणि उत्तरेश्वर रानात गेले.

इकडे परंड्यात धावपळ उडाली. पुरण शिजलं, आमरस निघाला, चार चुलते धुतल्या कपड्यांत ओट्यावर येऊन बसले. दोन वाजले तरी गाडीचा पत्ता नाही. थोरले चुलते म्हणाले, "पोरगी पसंत नसंल. मोडली समज सोयरीक."

अमरसिंहांनी फोन लावला. "कुठवर आलाव?"

"रानात हाय की. का बरं?"

"येतो म्हणलाव नव्हं?"

"म्या 'येतो' म्हणलो. येतो म्हणून कुठं म्हणलो?"

पलीकडून फोन आपटला.

"'ठेवतो' म्हणायला तोंड दुखत हुतं का?" घरी येऊन सांगितलं तशा कस्तुराबाई नवऱ्यावर उखडल्या.

"समोरच्या माणसाला 'ठेवतो' कसं म्हणावं गं?"

"मग आता पोरालाच ठेवा घरात, जन्मभर!"

ते ऐकून कुलदीपने न विचारताच जीप काढली.

पाचला परंड्यात गार पोळ्या आणि चुलत्यांचे गरम टोमणे मिळाले. रसाच्या दुसऱ्या वाटीनंतर सगळे हसू लागले. पण निघताना उत्तरेश्वर उंबऱ्यात अडकले. 'येतो' म्हणावं तर चुलते उद्या पुन्हा ओट्यावर बसायचे. 'जातो' तर आपल्यात कुणी तोंडातून काढत नाही.

"बरंय... म्या आपलं..."

सकाळपासून अर्पिताला कुणीच काही विचारलं नव्हतं. ती आतून हसत म्हणाली, "मामा, राहू द्या. 'येते' म्या म्हणते."

ओट्यावर चुलत्यांनी माना वळवल्या. मग थोरले चुलते म्हणाले, "कवा?"

"तिथी काढा की!" अर्पिता आतूनच म्हणाली.

मार्गशीर्षात लग्न झालं. कुलदीप अजून कमीच बोलतो, पण आता हसत. बेंबळीहून फोन आला, की अमरसिंह आधी घरात पीठ किती आहे ते बघतात. उत्तरेश्वर कॉल संपताना अजून उठून टोपी सारखी करतात. मग कस्तुराबाई फोन हातात घेऊन सांगतात, "पाव्हणं, हे येतो म्हणत्यात. येणार न्हाईत."