नंदाकाकूंची मोजपट्टी

आमच्या शेजारच्या नंदाकाकू पाव किलो मेथीदाणे आणले तरी आधी त्यातले शंभर मोजून ओल्या कागदात गुंडाळतात. सात दिवसांनी किती उगवले ते बघतात आणि मगच दुकानदार चांगला की लबाड ते ठरवतात. जन्मभर नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण मोजली. रिटायर झाल्या तरी बोटं थांबत नाहीत. भाचीला स्थळ सांगून आलं तेव्हाही म्हणाल्या, "सात दिवस थांबा, मंग बोला." सहाव्या दिवशी नवरदेवाचं आधीचं लग्न बाहेर आलं. तेव्हापासून गल्लीत त्यांना कुणी उलटून बोलत नाही.

एकदा म्हणे प्रयोगशाळेतल्या साहेबांनी गळ घातली, "बाई, माल पास व्हायला दोन दाणे कमी पडून राह्यलेत, तेवढे वाढवा की." काकू म्हणाल्या, "तुमच्या घरून आणा दोन." पुढं तीन वर्षं त्यांना कोपऱ्यातलं, पंखा नसलेलं टेबल मिळालं. आकडा मात्र हलला नाही.

अशा बाईच्या तावडीत मी सापडले ती पोटामुळं. जुळ्या पोरींनंतर माझं पोट उतरलंच नाही. पोरी पहिलीत गेल्या तरी टेंभुर्णीच्या एसटीत बाया उठून मला जागा द्यायच्या, वर विचारायच्या, "कितवा महिना?" शेवटी वैतागून टमी टक करून घेतलं, म्हणजे लोंबती कातडी काढून पोट आवळायचं ऑपरेशन. सासूबाईंना सांगितलं, हर्निया!

दहाव्या दिवशी बेंबीखाली टाक्यांची कड काळी पडली आणि पाणी यायला लागलं. संभाजीनगरचे डॉक्टर म्हणाले, "होतं असं कधीकधी. रोज पट्टी करा. भरेल, पण वेळ लागेल." मला कसलं पटतंय! हौसेनं चांगल्या अंगाला सुरी लावून घेतली, आता भोगा, हेच डोक्यात. घास उतरेना. पोरींना उचलता येईना. कमरेत वाकून चालायचे, तर समोरून येणारी माणसं मलाच उलटा नमस्कार करायची. नवऱ्याला रक्त दिसलं की तो भिंत धरतो. जखम अशीच उसवत गेली तर? पुन्हा ऑपरेशन लागलं तर? पोरींकडं कोण बघेल?

सासूबाई हळद-तुपाची वाटी घेऊन माझ्या खोलीत शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग नंदाकाकू.

"हळद कुठं चालली?"

"जखमेला."

"बियाला औषध चोळतेत, ताई. जखमेला डॉक्टरला इचारल्याबिगर काईच न्हाई."

वाटी मुकाट्यानं स्वयंपाकघरात परत गेली. मग काकू माझ्याकडं वळल्या. "हर्निया-बिर्निया राहू दे. दाखव."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला पट्टी करणाऱ्या सिस्टरबरोबर काकू हजर. कोपरापर्यंत साबणानं हात धुवायच्या, मोजपट्टी जखमेला न टेकवता वर धरायच्या, मोबाइलवर फोटो काढायच्या आणि वहीत लिहायच्या: दिवस बारावा, अठरा मिलिमीटर, वास न्हाई, कड गुलाबी. भेटायला येणाऱ्यांना पलंगावर टेकायची बंदी. दोन अंडी खाल्ल्याशिवाय माझी सुटका नाही. मी मात्र डोळे गच्च मिटून पडलेली. बघायची हिंमतच नव्हती. नुसतं विचारायचे, "काकू, किती?"

"सतरा." दोन दिवसांनी, "सोळा."

मग एके सकाळी उत्तरच येईना. मी पुन्हा विचारलं. "पंधरा," काकू म्हणाल्या, "बराबर चाललंय." त्याच दुपारी पट्टीचं औषध बदललं. कशाला म्हणून विचारलं तर, "एकाच औषधाचा कंटाळा येतो." मी म्हटलं असेल बाई. पंधरा ऐकूनच मला भूक लागली होती. त्या दिवशी मी दोन पोळ्या खाल्ल्या.

दीड महिन्यानं जखम मिटली. डॉक्टरांनी तपासलं आणि हसून म्हणाले, "मध्ये सूज येऊन जखम एकदम सव्वीसवर गेली तेव्हा मीही घाबरलो होतो. पण तुमच्या काकूंनी रोज फोटो पाठवले, दिवसातून दोनदा फोन केला. म्हणून घरच्या घरी निभावलं."

सव्वीस?

घरी येऊन वही उघडली. पंधरा, पंधरा, चौदा, चौदा. सव्वीस कुठंच नाही. माझं डोकंच फिरलं. पोट माझं आणि मलाच खोटं! तशीच तणतणत शेजारी गेले. काकू ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या.

"काकू, तुम्ही आकडा खोटा लिहिला?"

"लिहिला." मान वर नाही. "चार दिवस. मंग सूज उतरली, खराच लिहिला."

"तुम्ही?"

"तू जेवण सोडल्तं. जेवल्याबिगर जखम भरती का? डॉक्टरला रोज खराच सांगितला. सिस्टरला बी दम दिल्ता, तोंड उघडू नको म्हणून."

"अहो, पण मला सांगायचं तरी! मी काय लहान आहे का?"

काकूंचा हात थांबला. पहिल्यांदाच लक्षात आलं, त्यांचे डोळे पार खोल गेले होते.

"मला झोप न्हाई आली ते चार दिवस," त्या म्हणाल्या. "दोघींनी कामून जागायचं?"