झोपल्याचा दाखला

१९९८ साली एका खाजगी विमान कंपनीचे कॅप्टन बद्रीनाथ यांनी वरिष्ठांना लेखी कळवलं, की विमान उतरवताना आपले डोळे मिटतात. अर्ज नम्र होता, दोन प्रतींत होता. कामवाटप अधिकारी अण्णासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"विमान कोण चालवतं?"

"बराच वेळ ऑटोपायलट, साहेब."

"मग तुम्ही काय करता?"

"बसून लक्ष ठेवतो."

"बसता ना? बसण्याला आम्ही विश्रांती म्हणतो."

आणि खरंच, त्या महिन्यापासून ऑटोपायलटवरचे तास विश्रांतीच्या रकान्यात पडू लागले. चौदा तासांच्या ड्युटीत बद्रीनाथ यांचं काम निघालं अकरा मिनिटं! एवढा आराम केल्याबद्दल त्यांना रोजची दोन उड्डाणं वाढवून मिळाली. हाताने विमान उतरवायला पूर्वपरवानगी लागू लागली, तशी तीही सवय मोडली. माणूस रडकुंडीला आला, तेव्हा कुठे एक दिवसाची रजा मंजूर झाली. अट एकच, झोपल्याचा दाखला आणायचा, दोन पंचांच्या सहीनिशी.

बद्रीनाथ परतूरजवळच्या आपल्या गावी आला. (घरी कॅप्टनला अहो-जाहो कोण करतंय?) आईने, तुळजाबाईने, लेकाचं तोंड पाहिलं आणि "काय दशा करून घेतली रे लेकरा" म्हणत ओसरीवर गोधडी टाकली. दुपारी डोळा लागतो न लागतो, तोच सरपंच साहेबराव आणि ग्रामसेवक कडूबा पंच म्हणून दाखल झाले.

"बद्रीनाथ, झोपलास का रे?" सरपंचांनी त्याला हलवलं.

"झोपलो होतो, काका."

"होतो चालत न्हाई," कडूबा म्हणाला. "पंचासमोर झोपावं लागतं. नियमाचं काम हाय. झोप बराबर."

तो पुन्हा आडवा झाला. पंच खुर्च्या टाकून बसले. पाच-पाच मिनिटांनी खात्री करायला हलवत राहिले. तुळजाबाई कडाडली, "मेल्यांनो, निजू द्या की माझ्या लेकराला!"

"मावशी, निजला का न्हाई, हे त्याला इचारल्याबिगर कसं कळंल?"

वर गावात विमानवाला आलेला, आणि तो सत्काराशिवाय सुटतो होय! शाळेत शाल-नारळ, सोसायटीत शाल-नारळ, भजनी मंडळात शाल-नारळ. प्रत्येक वक्ता म्हणे, "कॅप्टनसाहेब थकलेले आहेत, म्हणून थोडक्यात आटोपतो," आणि पाऊण तास बोले. परतताना बद्रीनाथजवळ आठ शाली होत्या आणि दाखला होता: 'सदर इसम गाढ झोपल्याचे आम्ही समक्ष पाहिले.'

दुसऱ्या दिवशी औरंगाबादचं उड्डाण. सोबत सहवैमानिक शिवकन्या. तिच्याकडेही तिच्या कॉलनीच्या सेक्रेटरीचा असाच दाखला. खाली जालना एमआयडीसीतल्या मिलचा धूर दिसला. ऑटोपायलटने विमान धावपट्टीच्या दिशेने सरळ धरलं होतं. वेग सांभाळायचं बटण दाबायचं मात्र राहून गेलं होतं. वेग उतरत गेला, दोघांच्या पापण्याही उतरत गेल्या. एकदम, वेग धोक्याइतका घटल्याचा इशारा देत, हातातला दांडा थडथड हादरला.

"शिवकन्या, वेग!"

"सर, मला वाटलं तुम्ही बघून राह्यले!"

"आणि मला वाटलं मशीन बघून राह्यलं!"

बद्रीनाथने इंजिनांना पूर्ण जोर दिला, विमान वर घेतलं. मागे एकशे बारा माणसं होती. एक फेरी मारून त्याने विमान हाताने खाली आणलं. त्या हातांनी सहा महिन्यांत धावपट्टी पाहिली नव्हती. चाकं दणकन आपटली, पण टेकली. विमान थांबल्यावर तो ढसाढसा रडला.

चौकशी झाली. दोघांचेही दाखले रीतसर असल्याने थकव्याची शक्यता समितीने फेटाळली. ऑटोपायलट सांगितलं तेवढंच करत असल्याने निर्दोष सुटला. पुरेशी झोप घेऊनही झोपल्याबद्दल कॅप्टन बद्रीनाथ निलंबित झाले. गावी जाऊन ते सलग दोन दिवस झोपले. त्या झोपेची नोंद कुठेही नाही.

त्यांच्या जागी निलंबनाच्याच संध्याकाळी दुसरे कॅप्टन आले, तारवटलेल्या डोळ्यांचे, कागदपत्रं चोख असलेले. त्या उड्डाणात तुम्हीही होतात. खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून तुम्ही काउंटरवरच्या मुलीला झापलंत, चहा गार आहे म्हणून तक्रारवही मागितलीत. कॅप्टन झोपून आलाय का, हे विचारायचं मात्र तुम्हाला सुचलं नाही. आणि सुचणार तरी कधी? विमान हलायच्या आत तुम्ही घोरायला लागला होतात.