साच्यावरचा अंगठा

अनुसयाबाईंच्या पॉलिशच्या खोलीत यायचं तर यमालाही आधी चप्पल काढून हात धुवावे लागले असते. बेसा भागातल्या घरामागच्या शेडमध्ये कडक पोलादाचे साचे घासून आरशासारखे करायचं काम चाले. अख्ख्या नागपुरात असं पॉलिश दुसरीकडे होत नाही, हे त्या स्वतःच सांगत, त्यामुळे ते खोटं असायचा प्रश्नच नव्हता.

या वेळचा साचा संत्राबर्फीच्या पारदर्शक डब्याच्या झाकणाचा होता. कारखानदार महादेवराव शुक्रवारी तो न्यायला येणार होते. त्यावर केसाएवढी रेघ राहिली, तर ती लाखभर झाकणांवर उमटणार. सून मयुरानं आधी दगडाच्या कांड्या, मग घासायचा कागद, मग हिऱ्याची पेस्ट, असं आठ दिवस घासून साच्याचे दोन्ही भाग इतके लखलखीत केले, की सोमवारी संध्याकाळी अनुसयाबाईंना त्यात स्वतःच्या नाकातल्या चमकीचे खडे मोजता आले. इतकं देखणं त्यांच्या घरात आजवर काही जन्मलं नव्हतं. मुलगा चेतन त्यांच्यावर गेला असता तर गोष्ट वेगळी होती.

देखणं म्हटलं की दृष्ट लागायचीच. सगळे चहाला गेल्यावर त्या वरच्या भागाजवळ आल्या. मयुरानं गंज लागू नये म्हणून त्यावर तेलाचा हात फिरवला होता. तेलकट तोंडाची कधी कुणी दृष्ट काढतं का? त्यांनी तेल पुसलं, मूठभर मीठ-मोहरी सात वेळा ओवाळली, साचा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि कानशिलावर बोटं मोडली. मग खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली.

मंगळवारी सकाळी साच्याच्या ऐन मधोमध गंजाचा तपकिरी अंगठा उमटला होता, रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा.

अनुसयाबाईंचा आवाज मनीषनगरपर्यंत गेला असावा. त्या खोलीत येणारे तिघंच: मयुरा, चेतन आणि त्यांच्या नवऱ्याच्या वेळेपासूनचे कारागीर चंपतराव. तिघांनीही शपथा घेतल्या. तिघांच्या सात पिढ्यांचे हात कसे मळके होते ते सांगून झाल्यावर बाईंनी निकाल दिला. ज्याचा अंगठा निघेल, तो या उंबऱ्याच्या आत जन्मात पाय ठेवणार नाही, मग तो पोटचा का असेना.

डाग वरवरचा नव्हता. गंजानं पोलादात बारीक खळगे पाडले होते, त्यामुळे मयुरा पुन्हा दगडापासून सुरू झाली. इकडे अनुसयाबाईंना एवढंच कळलं, की घरावर कुणाची तरी जबरदस्त नजर आहे. संध्याकाळी त्यांनी खालच्या भागाचीही दृष्ट काढली, आणि या वेळी मीठ दुप्पट घेतलं.

बुधवारी खालच्या भागावर दोन अंगठे निघाले.

आता मात्र त्यांना पुरावाच हवा होता. त्यांनी ताटलीत तेल-कुंकू कालवलं आणि तिघांचे अंगठे कागदावर घेतले. चेतननं पॉलिश तपासायचं भिंग लावून पाहिलं. एकही ठसा जुळेना. साच्यावरच्या अंगठ्याला आडवी चीर होती, विळीनं कापल्यासारखी. तिघांचेही अंगठे धडधाकट होते.

चंपतराव छताकडे पाहू लागले. चेतनला एकाएकी भिंग पुसावंसं वाटलं. मयुराची नजर मात्र सासूच्या उजव्या हातावर जाऊन बसली होती आणि तिथून हलत नव्हती.

"आई, तुमी साच्याले हात लावला का?"

"हात काहून लावीन वं? दृष्ट काढली त्याची."

"मिठानं?"

"मंग का साखरेनं काढतेत?"

बोलता बोलताच त्यांना स्वतःचाच धडा आठवला. घामाचा हात लागला तरी पोलाद रातोरात गंजतं, हे मयुराला शिकवलं होतं ते त्यांनीच. इथे तर वर मीठही होतं. त्यांनी आपला चीर पडलेला अंगठा हळूच पदरात घेतला.

चंपतराव खाकरले. "वैनी, तो अंगठा माझाच असन."

लगेच चेतन म्हणाला की नाही, आपलाच. मग मयुरानंही तो आपल्या नावावर घेतला. पकडलं जाणं अनुसयाबाईंनी एक वेळ गिळलं असतं. पण तिघं मिळून आपल्यावर दया करताहेत, हे काही केल्या पचेना.

"तीन जणायचा एकच अंगठा?" त्या म्हणाल्या. "मी शाळेत गेली नाही, पण मले मोजता येते."

किल्ली मयुराच्या हातावर ठेवून त्या उंबऱ्याबाहेर जाऊन बसल्या. आत या, असं कुणी म्हणेना. त्यांचा निकाल मोडायची हिंमत त्या घरात एकट्या त्यांच्यातच होती, आणि त्या तर बाहेर बसलेल्या.

महादेवरावांना फोन करायला कुणी धजेना, तेव्हा तोही त्यांनीच केला. साचा आठ दिवस उशिरा मिळेल, एका बाईनं मिठाचा हात लावून नासवला, तिला खोलीतून कायमचं काढलं, असं सगळं खरं खरं सांगितलं.

महादेवराव चिडले नाहीत. उलट त्यांनी धीर दिला. "काढली ते बरं केलं, बाई. म्हातारी असन कोनी. आता तिच्यानं काम होत नसन."

अनुसयाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. आत मयुराचा दगड पोलादावर घासत होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेवढी काई म्हातारी नाही, भाऊ."