‘कुठंही’ नावाची खोली

दाऊद मिस्त्री मला पहिल्यांदा भेटले ते एका मोकळ्या प्लॉटवर, आणि पहिल्याच भेटीत माझ्यावर ओरडले.

"भिंत! भिंत आहे तिथं! दिसत नाही?"

मी खाली पाहिलं. जमिनीवर पांढऱ्या फक्कीची एक रेघ होती आणि माझा पाय तिच्यावर पडला होता. आसपास कुसळं, दोन शेळ्या आणि लांबवर गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पात्र. भिंत म्हणावी असं काहीच नव्हतं. तरी त्या माणसानं मला मागं जायला लावलं, पूर्ण वळसा घालायला लावला, आणि मी त्यांच्या मते दाराशी येऊन उभा राहिल्यावर म्हणाले, "हां, या आता. वहाणा बाहेर."

मी वहाणा काढल्या. भिंती खोट्या होत्या, कुसळं मात्र खरी होती.

नाशकात घर बांधायचं तर आधी म्युनिसिपालिटीची रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, लागते, आणि तिच्या अर्जाला घराचा नकाशा जोडावा लागतो. दाऊद मिस्त्रींनी सरकारी बांधकाम खात्यात तीस वर्षं नकाशे काढले होते. त्यांनी तपासलेला नकाशा कचेरीतून परत येत नाही, अशी त्यांची ख्याती. म्हणून अर्ज करण्यापूर्वी लोक नकाशाची गुंडाळी घेऊन त्यांच्याकडे जात. मिस्त्री ती एकदाच उलगडून बघत आणि नाक मुरडून म्हणत, "चांगला आहे. पण कागदावर कुणी राहतं का?"

मग त्यांची अट. नकाशा जागेवर फक्कीनं पुऱ्या मापात आखायचा, आणि घरातल्या झाडून सगळ्या माणसांनी सकाळपासून दुपारपर्यंत त्यात नांदून दाखवायचं. तोवर सही नाही.

या नांदण्यात काय काय घडे, ते ऐकून माणूस हबकून जाई. एका पेन्शनर मामलेदारांना त्यांनी शौचकूपाच्या चौकोनात उकिडवं बसवलं, स्वतः रस्त्यावर गेले आणि तिथून लवून नमस्कार केला. मामलेदारांनी सवयीनं उलट नमस्कार केला. "दिसतंय ना एकमेकांना?" मिस्त्री म्हणाले. "मग दार फिरवा."

एका वकिलांना तर त्यांनी माझ्यादेखत बांबूच्या शिडीवर आडवं केलं. "वकीलसाहेब, तिरडी असो की जनाजा, एक दिवस निघायचंच आहे. जिन्यापाशी वळतो का बघू." चार गवंड्यांनी शिडी उचलली आणि ती बोळाच्या कोपऱ्यात अडली. वकिलीणबाई तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. "अडले!" मिस्त्री आनंदानं ओरडले. "बोळ नऊ इंच वाढवा!" वकिलांनी वर आकाशाकडे बघत क्षीण आवाजात संमती दिली.

मला या प्रकाराची चीड येई. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि चार-चार पानांची पत्रकं काढून मेन रोडवर वाटत होतो. देशात लाखो लोकांना डोक्यावर छप्पर नाही आणि इथं हा गृहस्थ जिवंत वकिलांना तिरडीवर घालतो! यावरही एक पत्रक लिहावं, असं माझ्या मनात होतं. पण त्याआधी आमच्याच घराची पाळी आली.

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळामास्तरकीतून निवृत्त होऊन पंचवटीच्या अंगाला एक लहानसा प्लॉट घेतला होता. नकाशा मी काढला होता. मला त्याचा अभिमान होता. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर, आई-दादांची खोली, आणि माझ्यासाठी वाचनाची खोली. शिवाय बंबाला जागा, लाकडांना जागा, दादांच्या सायकलीला जागा.

ठरल्या दिवशी आम्ही चौघं प्लॉटवर गेलो: दादा, आई, मी आणि आत्या. आत्या ही दादांची थोरली बहीण. चौदाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे आली, ती आमच्याकडेच राहिली. आमच्या घरात कुणीही जेवलं आहे तर तिच्या हातचं.

सकाळ बरी गेली. आईनं नसलेल्या चुलीवर नसलेला चहा केला, मिस्त्रींनी तो पिऊन छान झाल्याचं सांगितलं. मग ते म्हणाले, "रात्र झाली. झोपा."

लख्ख उन्हात दादा आपल्या खोलीत पटका उशाला घेऊन आडवे झाले. आई लाजत भिंतीकडे तोंड करून निजली. मी वाचनाच्या खोलीत ऐसपैस पसरलो.

"आणि बाई, तुम्ही?"

मी मान वर केली. आत्या फक्कीच्या बाहेर पाण्याची कळशी घेऊन उभी होती.

"माझं काय हो," ती म्हणाली. "मी कुठंही पडेन."

मिस्त्रींनी नकाशा उलगडला आणि तो बराच वेळ न्याहाळला. "कुठंही नावाची खोली यात नाही," ते म्हणाले.

दादा उठून बसले. "अहो, ती चुलीपाशी झोपते. तिला ऊब आवडते."

"चुलीपाशी मांजर झोपतं, मास्तर."

दादा उसळले. "मिस्त्री, तुम्ही नकाशा तपासा. आमचं घर तपासू नका! तुमच्या सहीवाचून अडलं नाही आमचं. उद्या अर्ज असाच जाईल."

"जाऊ द्या की. रजाचिठ्ठीसुद्धा मिळेल." मिस्त्री शांतपणे गुंडाळी करू लागले. "म्युनिसिपालिटी हे विचारत नाही."

आठच दिवसांपूर्वी मी विधवांच्या हक्कांवर पत्रक काढलं होतं. त्याच्या दोनशे प्रतींना घड्या आत्यानंच घालून दिल्या होत्या, भांडी घासून झाल्यावर, एकही ओळ न वाचता, कारण तिला वाचता येत नव्हतं. आणि मी सायकलीला जागा काढली होती!

"वाचनाची खोली आत्याला द्या," मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

"वेडा की काय तू?" आत्या म्हणाली. "पुस्तकं कुठं ठेवशील?"

"कुठंही," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

मिस्त्रींनी आत्याच्या हातातली कळशी घेऊन खाली ठेवली. "बाई, या. बसून तर बघा." ती आली, दारातून आली, आणि मधोमध अवघडून बसली. मग हळूहळू मांडी घातली. मग पाठ टेकल्यासारखी थोडी मागं झाली, जणू मागं भिंत होतीच.

"अक्का, पाणी दे गं," दादा घुश्शातच म्हणाले.

"बसलेय रे जरा," आत्या म्हणाली.

आईनं तोंडाला पदर लावला. उभ्या जन्मात हे वाक्य आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं. दादा तिच्याकडे बघत राहिले. मग स्वतः उठले आणि सरळ फक्की तुडवत कळशीपर्यंत गेले. मिस्त्री त्यांच्यावर ओरडले नाहीत.

दुपारी मी नकाशा दुरुस्त करून घ्यायला मिस्त्रींच्या खोलीवर गेलो. एक खाट, नकाशे काढायचा एक फळा, बाकी काही नाही. भिंतीवर मात्र एका घराचा सुंदर नकाशा लावलेला, कडा पिवळ्या पडलेला. अर्जाचा शिक्का त्यावर कुठंच नव्हता.

"हा कुणाचा?"

"माझा." ते पेन्सिलीला टोक काढत होते. "सायखेड्याला अम्मी होती. म्हटलं, घर बांधू, मग तिला आणू. तिची खोली काढली. खिडकी कुठल्या बाजूला पाहिजे, ते ईदला गेलो की विचारीन म्हटलं. आधीच्या ईदला रजा नव्हती. पुढच्या ईदला अम्मी नव्हती." टोक निघालं होतं, तरी ते काढतच राहिले. "लोकांची घरं पास करतो. या खोलीला खिडकी कुठं पाडू, आता कुणाला विचारू?"

मी हातातली गुंडाळी त्यांच्यापुढे ठेवली.

"जा," ते म्हणाले. "बाईंना विचारून या. खिडकी कुठं हवी."

मी जवळजवळ पळतच घरी आलो. आत्या तांदूळ निवडत होती. बावीस वर्षांत मी तिला पहिल्यांदाच विचारलं की तुला काय हवं. तिला विचार करायला वेळ लागेल असं मला वाटलं होतं.

"खिडकीचं तुम्ही बघा," ती तांदळातून मान वर न करता लगेच म्हणाली. "दाराला कडी तेवढी आतून असू दे."

मी परत जाऊन ते मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं. नकाशात कडी दाखवायची पद्धत नाही. त्यांनी ती काढली.