घोडीला दहापैकी दोन

दाजी स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्याने आधी खुर्ची बघून घ्यावी, कारण ते काम पाच मिनिटांत उरकत नसे. "गुन्हेगारांचा कर्दनकाळ, पुराव्यांचा पारखी, ज्याच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही असा, या टापूतला एकमेव शास्त्रोक्त गुप्तहेर," अशी सुरुवात होई. हे सगळं त्यांच्या दारावरच्या पाटीवरही होतं. पाटी एवढी मोठी होती की गल्लीतले लोक पाहुण्यांना 'गुप्तहेराच्या पाटीपाशी डावीकडे वळा' असा पत्ता देत. अकरा वर्षांत दाजींनी स्वतःचा चष्मा दोनदा शोधला होता आणि शेजारणीचं मांजर एकदा. मांजर आपणहून परत आलं होतं, पण त्याचा जबाब घेतल्याशिवाय दाजींनी त्याला घरात जाऊ दिलं नाही.

तो जबाब लिहून घ्यायचं काम मेहुण्याकडे होतं. बहीण दाजींना दिली तेव्हा सोबत आपणही आंदणात चाललोय, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी टेलरबाई धापा टाकत दारात आल्या. दाजींचा अकरा खिशांचा कोट त्यांनीच शिवलेला, त्यामुळे ओळख करून द्यायची वेळ आली नाही.

"दाजी, माझ्या घोडीला दहापैकी दोन दिले हो!" त्या म्हणाल्या आणि मटकन बसल्या.

प्रकरण असं होतं. अश्वप्रेमी मंडळाच्या पागेत टेलरबाईंची घोडी चौदा वर्षं राहत होती. मंडळाचा नियम असा, की ज्या जनावराला वार्षिक स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं पाचाच्या आत गुण पडतील, त्याने पागेतली जागा सोडायची. आधीची दोन वर्षं घोडीचा पाय दुखावलेला होता. हे तिसरं वर्ष. गावात दुसरी पागा नव्हती, आणि टेलरबाईंच्या दोन खोल्यांत शिलाई मशीनच जेमतेम मावत होतं. म्हणजे घोडी विकणं आलं. बक्षीस समारंभ पाच वाजता, आणि त्याच वेळी जागाही रिकामी करायची होती.

"पाय बरा होऊन वर्ष झालं," टेलरबाई म्हणाल्या. "आज ती अशी चालली, अशी चालली की मलाच रडू आलं. आणि इथे शेरा बघा काय लिहिलाय!"

मेहुण्याने निकालाचा कागद वाचला. दोन नंबर, टेलरबाईंची घोडी, स्वार खुद्द टेलरबाई, गुण दोन. शेरा : मध्येच थांबून कुंपणाचा पाला खाल्ला.

"माझी घोडी पाल्याला तोंडसुद्धा लावत नाही!"

"अस्सं!" दाजींनी डोळे बारीक केले. डोळे बारीक केले की त्यांना काहीच दिसत नसे, पण ते दिसायला चांगलं दिसे. "घोडं नेमकं कुठे पेंड खातं, ते मी शोधून काढतो."

"घोडं नाही हो, घोडी. आणि पाला."

मैदानावर पोचले तेव्हा सव्वातीन झाले होते. माणसांपेक्षा घोडे सभ्य असतात हे ज्याला पटत नसेल, त्याने मंडळाच्या मैदानावर एक चक्कर मारावी. घोडे आपापल्या जागी मुकाट उभे होते. माणसं मात्र एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. मैदानाला झाड एकच, झाडाखाली खुर्च्या चारच. ऐन स्पर्धेच्या वेळी सहा नंबरच्या मालकांनी पाच नंबरच्या मालकांच्या डोक्यात छत्री घातली होती, आणि झाडून सगळे प्रेक्षक रिंगणाकडे पाठ करून तो सामना बघत उभे राहिले होते. तेव्हा स्पर्धेत काय झालं ते सांगू शकेल असा साक्षीदार नव्हता. छत्रीचे साक्षीदार मात्र दीडशे होते.

रिंगणाच्या दारापाशी स्टुलावर बसून नालबंद हातोडीचा दांडा पुसत होता. नंबर पुकारायचं कामही त्याच्याकडेच होतं. दाजींना बघून तो म्हणाला, "साहेब, मी एक सांगू का..."

"विचारल्याशिवाय साक्षीदाराने बोलू नये," दाजी म्हणाले. "लिही रे, नालबंद संशयास्पद रीतीने मदत करू पाहतो."

मेहुण्याने लिहिलं.

दाजींचा पहिला तर्क तोतयेगिरीचा. रिंगणात गेली ती घोडी ही नव्हेच, रंग लावून दुसरी उभी केली, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रुमाल ओला केला आणि घोडीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका खसाखसा पुसायला घेतला. ठिपका जागचा हलला नाही. घोडीने मात्र रुमाल दाजींच्या हातातून अलगद काढून घेतला आणि नाक फेंदारून जमिनीवर टाकला.

"बघा," टेलरबाई म्हणाल्या, "पाला सोडा, ती रुमालसुद्धा खात नाही."

दुसरा तर्क मोहिनीविद्येचा. कुणीतरी नजरबंदी करून घोडीला आपण शेळी आहोत असं वाटायला लावलं. ते सिद्ध करायला दाजी घोडीच्या डोळ्यांत पाच मिनिटं टक लावून बघत राहिले. सहाव्या मिनिटाला ते स्वतःच पेंगायला लागले, म्हणून मेहुण्याने त्यांना कोपराला धरून बाजूला नेलं.

"साहेब, मी म्हणतो..." नालबंद पुन्हा म्हणाला.

"गप्प!"

चार वाजून गेले. टेलरबाई घोडीच्या मानेवर हात ठेवून नुसत्या उभ्या होत्या. मेहुण्याला त्यांच्याकडे बघवेना. म्हणून त्याने निकालाचा कागद पुन्हा काढला आणि या वेळी सगळा वाचला. एक नंबर, मंडळाच्या चिटणीसांचा घोडा, स्वार चिटणीसांचे चिरंजीव, गुण नऊ, प्रथम क्रमांक. शेरा : बाईंची बैठक फार सुरेख.

"दाजी, इथे बाई लिहिलंय," मेहुणा म्हणाला. "चिरंजीव कुठे बाई आहेत? मला वाटतं, कागदातच काहीतरी..."

दाजींनी कागद हिसकावून घेतला. त्यांचा चेहरा असा उजळला की मेहुणा दोन पावलं मागे सरकला.

"सापडलं! चिरंजीव हे चिरंजीव नाहीतच. ती कन्या आहे!"

"दाजी, त्यांना मिशा आहेत."

"खोट्या!"

पुढचं सगळं फार लवकर घडलं. झाडाखाली चिटणीस बक्षिसाच्या नव्या कपाला फुंकर मारून चकाकी आणत होते. शेजारी चिरंजीव चहा पीत उभे होते. दाजी गेले, "बाई, तुमचं सोंग उघडं पडलं आहे!" असं म्हणाले आणि दोन्ही हातांनी मिशा ओढल्या. मिशा अस्सल होत्या. चिरंजीवांची किंकाळीही अस्सल होती. छत्रीचे दीडशे साक्षीदार लगबगीने नवीन सामना बघायला गोळा झाले.

"मी गेलोच नाही हो रिंगणात!" चिरंजीव ओठ धरून ओरडले. "मला कशाला मारता?"

चिटणीसांनी कप पाठीमागे घेतला.

"तेच तर मी तासभर सांगतोय," नालबंद म्हणाला. "दारातच ह्यांच्या घोड्याचा नाल निखळला. अख्खी स्पर्धा संपेपर्यंत त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. मग मी म्हटलं, दोन नंबर, तुम्ही व्हा पुढे. आणि बाई आधी गेल्या."

"मला वाटलं, एक नंबर होऊन गेला," टेलरबाई म्हणाल्या.

"साफ खोटं!" चिटणीस गरजले. "मी या डोळ्यांनी माझ्या मुलाला दौडताना पाहिलंय!"

"बाबा, तुम्हीच म्हणालात, मिळतोय तर घे आणि गप्प बस," चिरंजीव म्हणाले. दुखऱ्या ओठाने माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही.

सगळ्यांच्या नजरा परीक्षकांकडे वळल्या. ते खुर्चीत ताठ बसले होते. "मी डोळ्यांनी परीक्षण करत नाही," ते म्हणाले. "डोळे मिटून टापांचा ताल ऐकतो आणि आकडा सांगतो. कुठला घोडा, हे बघणं माझ्या पातळीचं काम नाही."

"आणि मी लिहिते," शेजारून त्यांच्या सौ. म्हणाल्या. "पहिला आकडा पहिल्या ओळीत, दुसरा दुसऱ्या ओळीत. शेरे मी जे दिसेल ते लिहिते. बाई छान बसली होती, म्हणून तसं लिहिलं. पुढच्याने पाला खाल्ला, तेही लिहिलं. कोण कितवा ते मला कसं कळणार? नंबर स्वारांच्या पाठीवर, आमच्या खुर्च्या समोर, आणि पुकारा दारापाशीच विरतो. सतरा वर्षं असंच चाललंय."

"आणि शेवटची ओळ रिकामी राहिली तेव्हा?" मेहुण्याने विचारलं.

"आकडे संपले होते. चिटणीस म्हणाले, राहू द्या वहिनी, मी तिथे शून्य घालतो."

"हात्तिच्या!" सहा नंबरचे मालक म्हणाले. "मला वाटलं, शून्य छत्रीबद्दल दिलं."

"परीक्षकाचा निर्णय अंतिम असतो," परीक्षक म्हणाले. "एकदा दिलेले गुण मी बदलत नसतो."

"नका ना बदलू," सौ. म्हणाल्या. त्यांनी दाजींकडून कागद घेतला, पेनाचं टोपण दातांनी उघडलं. "अहो, तुमच्या गुणांना मी हात लावत नाही. घोडे तेवढे एकेक ओळ वर सरकवते." आणि दीडशे माणसांदेखत त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात पहिल्या ओळीवर टेलरबाईंच्या घोडीचं नाव घातलं. नऊ गुण.

चिटणीसांनी कप पुढे केला. त्यांचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला होता.

"कप ठेवा तुम्ही," टेलरबाई म्हणाल्या. "माझ्या जागेतून तुमचं गवत काढा आधी."

खरंच, पाच वाजायच्या आधीच चिटणीसांनी मैदानालगतच्या पागेतल्या त्या जागेत आपल्या घोड्याच्या गवताचे चार भारे आणून टाकले होते. दारावरची घोडीच्या नावाची पाटीही काढली होती. भारे उचलायला कुणी पुढे आलं नाही. चिटणीसांनीच एकेक भारा छातीशी धरून बाहेर आणला, कोटाला गवत चिकटलेलं. चौथ्या भाऱ्यानंतर घोडी कुणी न ओढता आत गेली, एक गिरकी घेऊन तिने दारावरून मान बाहेर काढली. टेलरबाईंनी त्या मानेला मिठी मारली आणि इतका वेळ आवरलेलं रडू मोकळं सोडलं. त्या मैदानावर दिवसभरात पहिल्यांदाच कुणी आवाज करत नव्हतं. परीक्षकांनी डोळे उघडले होते.

अशी शांतता दाजींना सोसवत नसे. त्यांनी कोट झटकला, घसा खाकरला. "सज्जनहो! गुन्हेगारांचा कर्दनकाळ म्हणून मी..."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मेहुण्याने वही खाली टाकली आणि दाजींच्या तोंडावर हात ठेवला.