माशांची ओटी

"मॅडम, मासा जिना चढतो का?"

हा प्रश्न मुळात शिवप्रियाचा नव्हताच. तो शेवटच्या बाकावर, हर्षालीच्या सुपीक डोक्यातून निघाला होता. "विचारून दाखव, कचोरी माझ्याकडून," एवढंच हर्षाली म्हणाली. गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देताना जिचा आवाज घशातच बसायचा, ती शिवप्रिया वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हती. ती ताडकन उभी राहिली, विचारून मोकळी झाली, आणि दहावीचे दोन्ही वर्ग खो-खो हसले. हर्षालीनं बाकाखाली तोंड घातलं.

हसल्या नाहीत त्या एकट्या पाहुण्या गायत्री मॅडम. त्या विद्यापीठातून आल्या होत्या आणि मुरूम गावाजवळच्या बंधाऱ्यावर माशांचा अभ्यास करत होत्या.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"शिवप्रिया."

"शिवप्रिया, हेच शोधायला तर मी इथं आलेय. मलाही माहीत नाही."

एवढ्या शिकलेल्या बाईला एखादी गोष्ट माहीत नाही, आणि ती ते माइकवर सांगते, हे शाळेत नवीनच होतं. हसणं जागच्या जागी विरलं.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. पावसाळ्यात मासे खालून, पार कर्नाटकातून, नदीच्या उलट दिशेनं वर येतात. वरच्या उथळ पाण्यात अंडी घालतात. पण मधे बंधारा लागला की तिथंच अडतात. म्हणून बंधाऱ्याच्या कडेला सिमेंटच्या पायऱ्या करून त्यावरून पाणी सोडलंय. बंधाऱ्याखाली धरलेल्या काही माशांच्या पंखाला पिवळी चिप्पी लावून त्यांना खालीच सोडलंय. पिवळ्या चिप्पीचा मासा वर सापडला, तर जिना कामाचा. मग पुढच्या बंधाऱ्यांवर तसेच जिने. नाही सापडला, तर हा फोडायचा आणि नवा आखायचा.

"मला गावातलं कुणीतरी हवंय, शाळा सुटल्यावर तासभर जिन्यावर नजर ठेवायला," मॅडम म्हणाल्या. "ठेवशील? एकच नियम. माशांना मदत करायची नाही. हाकलायचं नाही, खाऊ घालायचं नाही, हात लावायचा नाही. चढता येतंय का नाही, ते त्यांचं त्यांना बघू द्यायचं."

"कचोरी राहू दे," शिवप्रिया हर्षालीच्या कानात म्हणाली. "मला नोकरी लागली."

आता खरी अडचण होती ती घरात. शिवप्रियाचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी. त्या घरात 'मासा' हा शब्दसुद्धा चालत नव्हता. फारच वेळ आली तर 'ते' म्हणायचं. तिचे अप्पा, शिवानंद, बाजारपेठेत किराणा दुकान चालवत, आणि त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललेलं. दहावी झाली की पोरगी शिकवणीला लातूरला. तिथल्या खोलीसाठी त्यांनी वर्षभर आधीच कापूस पिंजून गादी भरून घेतली होती. ती गुंडाळी करून सोप्यात उभी असायची आणि येणारा-जाणारा तिला टेकून बसायचा.

"शाळेतनं नदीवर कशाला?" अप्पांनी विचारलं.

"विज्ञानाचा प्रकल्प हाय, अप्पा. मार्क असत्यात."

मार्क म्हटल्यावर अप्पा परत हिशेबाच्या वहीकडे वळले. तिची अव्वा, म्हणजे आई उमादेवी, मात्र भाकरी थापता थापता थांबली.

"पर 'ते' वर कशाला येत्यात गं?"

आता वक्तृत्वातली पहिली पोरगी गप्प बसते होय? तिनं हात हलवून, आवाज चढवून-उतरवून सगळं रंगवलं. पोटात अंडी घेऊन ती मासळी कशी उलट्या धारेत पोहते, दिवसच्या दिवस खात नाही, आणि जिथं स्वतः जन्मली त्याच पाण्यात जाऊन मोकळी कशी होते. (मॅडम 'जन्मली त्याच पाण्यात' असं काही म्हणाल्या नव्हत्या. ते शिवप्रियाचं स्वतःचं. भाषणात थोडं घालावं लागतं.)

अव्वाच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला.

"म्हंजी तवरमनीला चालल्यात की त्या. बाळंतपणाला, म्हायेरी."

"तसंच म्हण की."

"आन् दारातच भिंत?"

अव्वाचं माहेर आळंदचं, कर्नाटकातलं. शिवप्रियाच्या वेळेला नववा लागल्यावर ती जीपनं माहेरी निघाली होती. पुलावरून पाणी होतं. ती दिवस मावळेपर्यंत जीपमध्ये बसून पलीकडच्या रस्त्याकडे बघत राहिली, आणि शेवटी माघारी आली. शिवप्रिया मुरूमलाच झाली. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, पण अव्वा ती सांगायची नाही. अप्पाच सांगायचे, गंमत म्हणून. त्या दिवशी अव्वाची भाकरी करपली.

शिवप्रिया नेमानं बंधाऱ्यावर बसू लागली. सोमवार तेवढा चुकायचा, कारण त्या दिवशी सर पंधरा ऑगस्टच्या भाषणाची तयारी घ्यायचे. पण जिन्यावर काही चढेना. मासे पायऱ्यांच्या तळाशी गोळा व्हायचे, एखादा उडी मारायचा, पहिल्याच पायरीवर टाळकं आपटून माघारी पडायचा. पाणी जोराचं होतं आणि पायरी उंच. रोज ती मॅडमना फोन करायची, "आजपण कुणी न्हाय, मॅडम."

आणि एका मंगळवारी मॅडमच्या लोकांनी बंधाऱ्याच्या वर जाळं टाकलं, तर पिवळ्या चिप्प्यांचे मासे! एक नाही, चांगले बरेच!

"शिवप्रिया, तुझं लक्ष असतं कुठं गं?" मॅडम फोनवर हसत होत्या, पण बोल लागायचा तो लागलाच. "चढले की! आणि तू म्हणतेस कुणी नाही."

"मॅडम, शप्पथ, मी डोळा लवू दिला न्हाय!"

"डुलक्या काढत असशील," दुसऱ्या दिवशी हर्षाली म्हणाली. "तुझ्या अंगावरनं गेले असतील ते."

शिवप्रियाला वाईट वाटलं, पण आनंद त्याहून मोठा होता. तिनं सरांना सांगून भाषणाचा विषयच बदलून घेतला. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली ती अशी काही बोलली की प्रमुख पाहुणे म्हणून आलेले पाटबंधारे खात्याचे साहेब खुर्चीत सावरून बसले. "पैज म्हणून मी विचारलं होतं, मासा जिना चढतो का? आज मुरूमची नदी उत्तर देते आहे, चढतो!" टाळ्या थांबेनात. साहेबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की असाच जिना, अगदी असाच, पुढच्या सगळ्या बंधाऱ्यांवर करायला ते स्वतः सांगतील. बायकांच्या रांगेत अव्वानं डोळ्याला पदर लावला. शेजारच्या गिरिजाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं आणि दोघी हसल्या. शिवप्रियाला वाटलं, लेकीचं कौतुक.

त्यानंतरच्या सोमवारी भाषणाची तयारी नव्हती आणि श्रावणी सोमवार म्हणून शाळा अर्ध्या दिवसाची. शिवप्रिया दप्तरासकट थेट बंधाऱ्यावर गेली. लांबूनच तिला गाणी ऐकू आली. अर्धी मराठी, अर्धी कन्नड, डोहाळ्याची.

बंधाऱ्याच्या वर महादेवाचं देऊळ आहे. सोमवारी बायका तिथं पाणी घालायला जातात, त्यात काही नवल नाही. पण आज घागरींची रांग देवळाकडून नव्हे, बंधाऱ्याखालून वर चालली होती. सगळ्यात खाली, गुडघाभर पाण्यात, साडी वर खोचून, एका हातानं नाकाला पदर लावून तिची अव्वा उभी होती. आणि दुसऱ्या हातात पुरणाची चाळण. जी दोन आठवड्यांपासून घरात सापडत नव्हती, आणि जिच्यापायी नागपंचमीला शेजारून उसनी आणावी लागली होती, तीच!

अव्वा चाळणीनं थकलेला मासा अलगद उचलायची, हात न लावता घागरीत सोडायची. घागर या हातातून त्या हातात वर जायची. वर गिरिजाबाई तांदूळ, हळद-कुंकू, खोबऱ्याचा तुकडा घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक घागरीची ओटी भरली जात होती. एक गाणं पूर्ण म्हटलं जात होतं. मग ती मासळी वरच्या पाण्यात, माहेरी.

"अव्वा!"

चाळण पाण्यात पडली.

"आगं, तूच तर सांगितलंस!" अव्वा म्हणाली. "पोटुशी हायत, दारात भिंत हाय म्हनून. मग कुणी न्यायचं न्हाय का त्यांना? पयल्या सोमवारी म्या एकलीच होते. मग गिरिजाबाई म्हनल्या, पुण्याचं काम एकटीनं करू ने."

"हात न्हाय लावला हो कुणी," गिरिजाबाईंनी वरून सांगितलं. "सोवळ्यातच चाललंय समदं."

"ओटी कशाला पण?"

"मग?" गिरिजाबाई खरोखरच चकित झाल्या. "रिकाम्या ओटीनं पाठवायची व्हय लेक?"

शिवप्रियाला हसू आलं. खोटं कशाला बोला, आधी हसूच आलं. हसत हसतच ती दगडावरून वर चढली, आणि वरच्या संथ पाण्याच्या कडेला, गवतात अडकलेलं पांढरं काहीतरी तिला दिसलं. पोट वर करून पडलेली मासळी. मग आणखी एक. मग बऱ्याच. पंखाला पिवळ्या चिप्प्या. तिनं हातात उचलून घेतलेल्या एकीच्या कल्ल्याला अजून हळद लागलेली.

गाणं एकेका तोंडातून बंद होत गेलं. अव्वा वर आली, आणि लेकीच्या हाताकडे बघत खाली बसली.

"म्या तर वाटंला लावायला गेले होते," ती म्हणाली.

मॅडमना सांगायला शिवप्रिया त्यांच्या गाडीची वाट बघत रस्त्यावर उभी राहिली. जिच्या बोलण्यानं झेंड्याखाली टाळ्या पडल्या होत्या, तिला आता दोन वाक्यं जुळेनात. तरी सगळं सांगितलं. चाळण, ओटी, गाणी, आणि 'जन्मली त्याच पाण्यात' हे आपण पदरचं घातलं होतं, तेसुद्धा.

मॅडमनी मेलेली मासळी हातात घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे चढले नव्हते. चढवले होते," त्या म्हणाल्या. "आधीच दमलेले, त्यात घागरीतलं एवढंसं पाणी. गाणं संपेपर्यंत जीव गुदमरला त्यांचा. काही जगलेत, पण किती, कोण सांगणार?" मग ती मासळी पाण्याच्या कडेला ठेवत, "तूच रोज खरं सांगत होतीस गं. मीच ऐकलं नाही. मला चढलेलेच बघायचे होते."

त्यांनी तिथूनच साहेबांना फोन लावला. जिना चुकलाय, तसेच दुसरे बांधू नका. पलीकडून साहेब बरंच बोलत होते आणि मॅडम नुसत्या "हो सर, हो सर" करत होत्या. यंदाचा मोसम गेला होता. मासे वर येतात ते वर्षातून एकदाच. पायऱ्या बुटक्या करून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून.

"पुढच्या वेळी असं कुणीतरी हवं," गाडीत बसताना मॅडम म्हणाल्या, "जे माशांवर लक्ष ठेवेल, आणि त्याहून जास्त बायकांवर."

त्या संध्याकाळी अप्पा आणि शिवप्रिया जेवायला बसले होते. अव्वानं चाळण तीनदा घासली होती आणि पुन्हा घासायला घेतली होती. वातावरण हलकं करायचं म्हणून अप्पांनी लातूरचा विषय काढला.

"शिकवणीवाल्याशी बोलनं झालंय. खोली बी बघून ठिवलीय. रोज दुपारचा डबा एस्टीनं पाठवू. पोरीला कशाकशाचा त्रास म्हनून होऊ द्यायचा न्हाय. नुसतं बसायचं आन् अभ्यास करायचा, काय?"

"व्हय," अव्वा म्हणाली. "म्या पयल्या महिन्याला संगं जाऊन ऱ्हाते."

शिवप्रियानं सोप्यातल्या गादीकडे पाहिलं. गुबगुबीत, दोरीनं आवळलेली, जायला तयार.

"अप्पा, त्या गादीची दोरी सोडा," ती म्हणाली. "मी लातूरला जाणार न्हाय. अकरावी हितंच करणार, मुरूमला. पुढच्या पावसाळ्यात मॅडमसंगं बंधाऱ्यावर मीच बसणार."

"येडी झालीस का? समदी पोरं लातूरला गेल्यावरच वर जात्यात!" अप्पांचा घास हातात राहिला. "तुझ्या भल्यासाठीच चाललंय न्हवं हे?"

"माशांच्या बी भल्यासाठीच चाललं होतं, अप्पा."

अव्वाचा चाळणीवरचा हात थांबला. तिनं लेकीकडे पाहिलं. शिवप्रियाला तिच्याकडे बघवलं नाही, पण माघार घेण्याइतकी ती आता गेल्या वर्षीची राहिली नव्हती.

"अव्वा, मला घागरीत घालून वर नेऊ नकोस," ती म्हणाली. "ओटी बी भरू नकोस. चढता येतंय का न्हाय, ते माझं मला बघू दे."